वसई ते निशिझाका : संत गोन्सालो गार्सियांच्या वाटेने जपानची यात्रा कशी आखावी

वसईत जन्मून नागासाकीत हुतात्मा झालेल्या संत गोन्सालो गार्सियांचे नाव घेऊन जपानला निघायचे, टोकियोत उतरायचे, फुजी पाहायचा, आणि शेवटी नागासाकीच्या टेकडीवर अर्धा तास थांबून फोटो काढून परतायचे, अशी सहल कोणीही आखून देईल. तिला यात्रा म्हणायला जीभ रेटत नाही. गोन्सालोंनी ज्या चर्चमध्ये प्रार्थना केली असेल असे एकही चर्च जपानात आज उभे नाही. त्यांचा क्योतोतला मठ गेला, कुष्ठरोग्यांसाठीचे रुग्णालय गेले. उरलाय तो रस्ता. एक पूल, एक घाट, एक खाडी, एक टेकडी. त्यामुळे ही यात्रा रस्त्याच्या क्रमानेच करावी, क्योतोकडून नागासाकीकडे. उलट्या दिशेने केली तर स्वस्तात पडते म्हणून कोणी सुचवले, तरी ऐकू नका.

निघण्याआधी एवढे माहीत हवे

गोन्सालोंचा जन्म वसईचा, साधारण १५५६-५७ चा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइटांकडे, शिकले आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे भाषा अशी आत्मसात केली की पुढे त्यांची सगळी किंमत त्या भाषेवर ठरली. येशूसंघात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी विनवण्या केल्या, पण मिळाला नाही. मग व्यापार केला, मनिलाला गेले आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. फादर नाही, ब्रदर, म्हणजे संघातले पण पुरोहित नसलेले. वसईतही पुष्कळांना ते फादर होते असेच वाटते.

१५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषे होते गोन्सालो. त्यानंतर क्योतोत मठ उभा राहिला, रुग्णसेवा सुरू झाली. ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानातल्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले, त्यातल्या मालाच्या जप्तीवरून वाद पेटला, आणि डिसेंबरात हिदेयोशीने मिशनऱ्यांना पकडण्याचा हुकूम दिला. जहाजाच्या सुकाणूवाल्याने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारली म्हणून हे घडले, असे एक बाजू सांगते. दुसरी बाजू ते मानत नाही. या वादात यात्रेकरूने पडायचे कारण नाही, पण गटातले कोणीतरी विचारतेच.

चोवीस जणांना शिक्षा झाली. वाटेत आणखी दोघे सामील केले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीसही जण क्रुसावर मारले गेले : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक. १६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित केले आणि १८६२ मध्ये पोप पायस नववे यांनी संतपद दिले.

कधी जावे

फेब्रुवारीत. थंडी असते, क्योतोत पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि नागासाकीतही सकाळी चार-पाच अंश असते. पण त्या चोवीस जणांना हाच रस्ता याच थंडीत चालवला होता, हे विसरून एप्रिलच्या चेरीच्या फुलांत जाण्यात काही अर्थ नाही. शिवाय फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या एका रविवारी निशिझाकाच्या बागेत उघड्यावर स्मरण-मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, होते. तारीख दर वर्षी बदलते, म्हणून नागासाकी महाधर्मप्रांताकडून आधी खात्री करून घ्या आणि मगच विमानाची तिकिटे काढा. जपानात सण ५ तारखेला पाळतात, जागतिक धर्मसभेच्या पंचांगात तो ६ ला आहे. ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तर ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर बरा. जून-जुलै टाळा, तो तिथला पावसाळा. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचा.

कागदपत्रे, तिकिटे, सामान

भारतीय पासपोर्टवर जपानला व्हिसा लागतो. अर्ज व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रातून जातो. आयकर विवरणपत्रे, बँकेचे स्टेटमेंट, विमानाचे आणि हॉटेलांचे बुकिंग, याबरोबर रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, आणि तो कागद जपानी लोक गंभीरपणे वाचतात. 'तीर्थयात्रा' एवढेच लिहू नका. कोणत्या तारखेला कोणत्या शहरात, कोणत्या हॉटेलात, ते ओळीने लिहा. गट असेल तर सगळ्यांचा कार्यक्रम शब्दशः एकच असू द्या. कागदपत्रांची यादी अधूनमधून बदलते, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या भाच्याच्या यादीवर विसंबू नका.

विमान जाताना ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरणारे आणि येताना फुकुओकाहून निघणारे घ्या. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला एक थांबा घेऊन हे जमते. जाण्यायेण्याचे तिकीट एकाच शहराचे काढले तर शेवटचा अख्खा दिवस उलट प्रवासात जातो.

देशभर चालणाऱ्या जपान रेल पासची सात दिवसांची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनवर गेली. आपला प्रवास एकाच दिशेचा आहे, त्यामुळे तो पास बहुधा महागात पडतो. जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचे सान्यो बाजूचे, म्हणजे ओसाकापासून पश्चिमेकडच्या किनाऱ्याचे, प्रादेशिक पास आणि सुट्या तिकिटांची बेरीज शेजारी मांडून पाहा. पास क्योतोपासून चालतो का आणि थेट नागासाकीपर्यंत पोचवतो का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. शहरातल्या प्रवासासाठी इकोका कार्ड कान्साईलाच घ्या. ते क्योतोच्या बसपासून नागासाकीच्या ट्रामपर्यंत चालते.

मोठ्या बॅगा घेऊन हा रस्ता होत नाही. जपानात हॉटेलच्या काउंटरवरून बॅग पुढच्या शहरातल्या हॉटेलला पाठवता येते, साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. क्योतोहून मोठी बॅग सरळ हाकाताला, म्हणजे फुकुओका शहराच्या मुख्य स्थानकाच्या भागात, धाडा आणि मधले दिवस पाठीवरच्या पिशवीवर काढा. रोख पैसे सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममधून मिळतात. लहान गावांतल्या बसला आणि खानावळींना रोकडच लागते.

काय नेऊ नये हेही सांगतो, कारण आपली माणसे हमखास नेतात. माती जपानात नेता येत नाही. निशिझाकाला वाहायला किल्ल्यातली मूठभर माती न्यायची कल्पना कितीही सुंदर असली, तरी विमानतळावरचा क्वारंटाइनवाला ती काढून घेणार. ताजी फळे नाहीत. मांसाचा कुठलाही पदार्थ नाही, मग तो घरचे सॉसेज असो की डुकराच्या मांसाचे लोणचे. काही सर्दीच्या गोळ्यांवरही बंदी आहे. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधे चालत नाहीत, तेव्हा पाकीट वाचून मगच पिशवीत टाका.

गटाबरोबर फादर असतील तर त्यांनी धर्मप्रांताचे ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि जिथे जिथे मिस्सा अर्पण करायची आहे तिथे महिना-दोन महिने आधी ई-मेल पाठवावा. पत्र लहान ठेवा : कोण, किती जण, कोणती तारीख, किती वाजता, कोणत्या भाषेत. ऐनवेळी दारात उभे राहून 'फादर, जरा अर्धा तास' हे वसईत चालते. तिथे ते उद्धटपणाचे ठरते.

सुरुवात किल्ल्यात

वसईकरांनी ही पायरी गाळू नये, आणि बाहेरच्यांनी तर मुळीच नाही. वसई किल्ल्यातल्या येशूसंघीयांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून उभा आहे. येशूच्या पवित्र नामाचे हे चर्च आता लोक गोन्सालो गार्सियांचेच म्हणून ओळखतात. गोन्सालो जिथे शिकले ते विद्यालय याच आवारात होते. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज गेले. चर्चेस उघडी पडली, झाडांनी भिंती धरल्या. सकाळी लवकर जा. नऊनंतर तिथे लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. तिथून गासच्या संत गोन्सालो गार्सिया चर्चला जाऊन यात्रेसाठी आशीर्वाद घ्या. धर्मग्रामाच्या फादरांचे शिफारसपत्र इंग्रजीत मागून घ्यायचे असेल तर तेही इथेच उरकते.

क्योतो : पूल आणि कान

क्योतोत दोन रात्री ठेवा. पहिले ठिकाण शिजो आणि होरिकावा हे रस्ते मिळतात तिथले. फ्रान्सिस्कनांचा मठ आणि रुग्णालय या भागात होते. आज तिथे इमारती, दुकाने, वाहनांची वर्दळ, आणि सव्वीस संतांची आठवण सांगणारी खूण. खूण शोधायला वेळ लागतो. नकाशावर जपानी लिपीतले नाव जतन करून ठेवा, टॅक्सीवाल्याला किंवा दुकानदाराला तेच दाखवा. बोलून विचारायचे तर 'निजूरोकु सेइजिन' म्हणा, म्हणजे सव्वीस संत. हे दोन शब्द नागासाकीपर्यंत पुरतात.

तिथून होरिकावा रस्त्याने सरळ उत्तरेकडे चालत निघा. तास-दीड तास रमतगमत. डाव्या हाताला निजो किल्ल्याचा खंदक लागेल, तो मागे टाकून पुढे गेलात की इचिजो मोदोरीबाशी नावाचा छोटासा पूल येतो. ३ जानेवारी १५९७ ला इथे चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली. हिदेयोशीचा मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. तो सौम्य केला इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने. मग तिघातिघांना एका बैलगाडीत घालून शहरभर धिंड काढली.

पूल आता सिमेंटचा, नंतरच्या काळातला, आणि इतका लहान की गटातले निम्मे लोक 'हाच का?' म्हणतात. हाच. शेजारच्या सेइमेई मंदिरात येणाऱ्यांची मात्र तोबा गर्दी असते. भुतेखेते काबूत ठेवणाऱ्या जुन्या ज्योतिष्याचे ते मंदिर, आणि हा पूलही त्याच दंतकथांसाठी जास्त प्रसिद्ध. त्यामुळे पुलावर मोठ्याने प्रार्थना सुरू करू नका. खाली ओढ्याकाठी उतरायला पायऱ्या आहेत, तिथे उभे राहून दुःखाच्या रहस्यांची एक जपमाळ शांतपणे होते.

रविवार असेल तर मिस्सेसाठी कावारामाची-सांजोजवळचे संत फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रल सोयीचे. इंग्रजी मिस्सा कोणत्या रविवारी आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

ओसाका आणि साकाई

ही दोन्ही शहरे धिंडीच्या वाटेवरची. पण सांगण्यासारखे फार उरलेले नाही. ओसाकात तामात्सुकुरीचे सेंट मेरीज कॅथेड्रल पाहा. दाराशी ख्रिस्ती सरदार ताकायामा उकोन आणि ख्रिस्ती सरदारपत्नी होसोकावा ग्राशिया यांचे पुतळे आहेत, त्या काळातली जपानी श्रद्धा समजायला दोघेही उपयोगी. सव्वीसांतले पॉल मिकी आणि इतर दोघे येशूसंघीय ओसाकातच पकडले गेले. साकाईसाठी दुपार पुरे, आणि वेळ कमी असेल तर गाळली तरी हरकत नाही.

सान्योची वाट : आगगाडीतून एक महिन्याचा रस्ता

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना पश्चिमेकडे चालवायला सुरुवात केली. काही वेळा घोड्यावर, बरेचदा पायी, हिमेजी, ओकायामा, मिहारा, हिरोशिमा करत. सगळा मिळून रस्ता आठशे किलोमीटरच्या आसपास. आज शिन-ओसाका ते हाकाता शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, अडीच तासांत पोचवते आणि इथेच यात्रा हातातून निसटते. म्हणून सगळ्यात संथ गाडी घ्या, कोदामा. ती प्रत्येक स्थानकावर थांबते, आणि आपल्याला जिथे उतरायचे आहे त्या मिहाराला शिनकानसेनमधली तीच सोयीची आहे.

मिहाराचे स्थानक चक्क किल्ल्याच्या आत बांधलेले आहे. रूळ टाकताना किल्ला कापला गेला. उरलेल्या दगडी चौथऱ्यावर स्थानकातूनच जाता येते. या किल्ल्यात मुक्काम असताना चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने आईला पत्र लिहिले. त्याचे वडील मिगेल कोझाकीही त्याच्याबरोबर मरणाच्या वाटेवर होते. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना नीट सांभाळ, असा त्या पत्राचा सूर. पत्र आईला पोचवायला कोणी मिळाले नाही. ते वडिलांच्या कपड्यात राहिले आणि त्यांच्या मृत्यूनंतर रक्ताने माखलेले सापडले. चौथऱ्यावर बसून ते पत्र मराठीत वाचायची तयारी घरूनच करा, भाषांतर छापून न्या. गटात किशोरवयीन मुले असतील तर वाचन त्यांच्याकडे द्या. उपदेश नको, वाचन पुरे.

रात्रीचा मुक्काम हिरोशिमाला. नोबोरीचो इथले जागतिक शांतता स्मारक कॅथेड्रल १९५४ चे, वास्तुविशारद तोगो मुरानो. त्याच्या विटांत अणुस्फोटाच्या शहराची माती आहे असे तिथे सांगतात. शांतता संग्रहालय पाहायचे तर सकाळी. पण त्याच दिवशी आणखी काही ठेवू नका, माणूस सुन्न होतो.

पुढे शिमोनोसेकी. इथून कैद्यांना होडीतून सामुद्रधुनी ओलांडून क्युशू बेटावर नेले. आपण समुद्राखालून चालत जाऊ शकतो. कानमोनचा पादचारी बोगदा ७८० मीटरचा आहे, १९५८ चा, आणि चालणाऱ्यांना फुकट. मधोमध जमिनीवर दोन प्रांतांची सीमा रंगवलेली दिसते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनाही जमते, दोन्ही टोकांना लिफ्ट आहे.

दुसरे नागोया

हाकाताला दोन रात्री टाका आणि मधला दिवस कारात्सूला द्या. बहुतेक यात्रा हा दिवस वगळतात. माझ्या मते क्योतोच्या पुलानंतर गोन्सालोंच्या सगळ्यात जवळ नेणारी जागा हीच.

कारात्सूजवळ हिझेन-नागोया किल्ल्याचे अवशेष आहेत. मध्य जपानातल्या नागोया शहराशी याचा काही संबंध नाही. बुकिंग करणाऱ्या एजंटला हे दोनदा बजावा, नाहीतर तो तुम्हाला सहाशे-सातशे किलोमीटर दूर उतरवेल. कोरियावरच्या स्वारीसाठी हिदेयोशीने हा किल्ला बांधला होता, आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्तांच्या शिष्टमंडळाला त्याने इथेच भेट दिली. म्हणजे वसईचा हा माणूस जपानच्या सर्वसत्ताधीशासमोर बोलला तो इथे. आज भिंतींचे दगड आहेत, वर मोकळे पठार, खाली समुद्र. शेजारी सागा प्रांताचे संग्रहालय आहे. त्यात किल्ला पूर्ण उभा असताना कसा दिसत असेल त्याची प्रतिकृती आहे. आधी ती पाहा, मग वर चढा.

जायला हाकाताहून भुयारी रेल्वेच्याच रुळांवरून पुढे समुद्रकाठाने कारात्सूला गाडी जाते, दीड तासाच्या आत. कारात्सूहून बस. बसेस मोजक्या आहेत, परतीची वेळ उतरतानाच फळ्यावरून टिपून घ्या.

कारात्सूच्या परिसरातच तेराझावा हंझाबुरो या नागासाकीच्या अधिकाऱ्याने कैद्यांचा ताबा घेतला. पॉल मिकीशी त्याची जुनी ओळख. बारा वर्षांच्या लुईस इबाराकीला पाहून त्याचे मन द्रवले, धर्म सोड तर सोडवतो म्हणाला. लुईस तयार झाला नाही.

उरेशिनो, सोनोगी, आणि खाडी

हाकाताहून नागासाकीला जाताना ताकेओ-ओनसेनला गाडी बदलते. समोरच्याच फलाटावर सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली पश्चिम क्युशूची छोटी शिनकानसेन उभी असते. थेट नागासाकी गाठायचा मोह आवरा आणि पुढच्याच स्थानकावर, उरेशिनो-ओनसेनला, उतरा. गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. रात्र इथे काढा. दुसऱ्या दिवशीच्या चालण्याआधी पायांना ते पाणी लागते. सार्वजनिक स्नानगृहात कपडे घालून उतरता येत नाही, हे मंडळींना आधीच सांगून ठेवा. संकोच वाटणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला नुसते पाय बुडवून बसायची कुंडे आहेत.

उरेशिनोहून तावाराझाकाचा घाट चढून रस्ता सोनोगीला उतरतो. गटाने टॅक्स्या किंवा बस धरावी. सोनोगीच्या किनाऱ्यावर संतांच्या प्रस्थानाचे स्मारक आहे. आजूबाजूला चहाचे मळे, सोनोगीचा हिरवा चहा जपानात नावाजलेला. इथून ४ फेब्रुवारीला त्यांना होड्यांत बसवून ओमुरा खाडी पार करून तोगित्सूला नेले, आणि ती रात्र किनाऱ्यालगत होड्यांतच ठेवले. खाडीच्या परिसरात ख्रिस्ती वस्ती भरपूर होती, गडबड होऊ नये म्हणून.

आता तशी होडी नाही. सोनोगीहून ओमुरा मार्गावरची साधी गाडी घ्या आणि उजव्या बाजूला बसा. पुढचेच चिवाता स्थानक अक्षरशः पाण्याला खेटून आहे. इसाहायाला गाडी बदलून संध्याकाळी नागासाकीत पोचा. हॉटेल स्थानकाजवळचे घ्या, निशिझाका तिथून पाच मिनिटांवर आहे. पण त्या संध्याकाळी टेकडीवर जाऊ नका. खिडकीतून दिसली तरी नको.

तोगित्सू ते निशिझाका, पायी

सगळ्या यात्रेतला हा एक दिवस राखायचाच. सकाळी नागासाकीहून तोगित्सूची बस पकडा. फेब्रुवारीत तिथे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून आठाच्या सुमाराला किनाऱ्यावर असाल असे बघा. संतांच्या उतरण्याचे स्मारक खाडीच्या कडेला आहे. इथून निशिझाका साधारण बारा किलोमीटर.

दोन पर्याय आहेत. एक मोठा रस्ता, २०६ क्रमांकाचा, सपाट, पदपथ असलेला, ट्रकांच्या आवाजाचा. दुसरा जुना उराकामी काइदो, वस्तीतून आणि चढणींतून जाणारा, अरुंद, वळणावळणाचा. धडधाकट असाल तर जुना. गट मोठा असेल तर दोन तुकड्या करा आणि उराकामीला भेटायचे ठरवा. सगळ्यांना एका दोरीत बांधून चालवले की शेवटचा माणूस नेहमी रागावलेला असतो. बूट वापरून रुळलेले हवेत. पाणी आणि तांदळाचे त्रिकोणी ओनिगिरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पण चढणीच्या पट्ट्यात दुकान नाही, आधीच घ्या.

माझा सल्ला : पहिला तास मौन. मग माळ. मग ज्याला जे बोलायचे ते. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने सबंध रस्त्यावर वाटून घेता येतात, फक्त गाणी म्हणताना लोकांच्या दारासमोर थांबू नका.

उराकामीला दुपारचा मुक्काम. इथल्या कुष्ठरुग्णालयाच्या चॅपेलमध्ये कैद्यांना थोडा वेळ विसावा मिळाला आणि येशूसंघाचे फादर पासियो त्यांना भेटले. पॉल मिकींचे सोबती जॉन गोतो आणि दिएगो किसाई यांनी येशूसंघाची व्रते इथे घेतली असे मानतात. उराकामी कॅथेड्रल वेगळ्याच दुःखाची जागा. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब इथून जवळच फुटला, जुने चर्च कोसळले, आजचे १९५९ चे. आवारात काळवंडलेले, डोकी तुटलेले पुतळे तसेच ठेवले आहेत. आत फोटो काढायचे नाहीत.

उरलेले तीन किलोमीटर शहरातून. टेकडी म्हणावी तर छोटीशी, आता चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेली. गावातल्या गुन्हेगारांना मारायची जागा समोर होती. तिथे नको म्हणून पोर्तुगीजांनी गळ घातली आणि हे शेत निवडले गेले. क्रुसावर खिळे नव्हते, लोखंडी कड्या आणि दोर होते, आणि मरण आले ते दोन्ही कुशींतून खुपसलेल्या भाल्यांनी.

स्मारक १९६२ चे, संतपदाच्या शताब्दीला उभारलेले. सव्वीस ब्राँझ पुतळ्यांचा पट यासुताके फुनाकोशी यांचा, वास्तुरचना केंजी इमाई यांची. पुतळे टांगलेले नाहीत, हवेत उभे आहेत, बहुतेकांचे हात जोडलेले, पावले खाली लोंबलेली. तीन आकृत्या बाकीच्यांपेक्षा बुटक्या आहेत. सव्वीसांतली तीन मुले : लुईस, आंतोनियो आणि तोमास. पावलांकडे पाहा. जमिनीवर उभा राहिलेला माणूस असा दिसत नाही.

गोन्सालो शोधायचे कसे? क्रुसांचा जो क्रम नोंदलेला आहे त्यात ते चौदावे, मेक्सिकोच्या फेलिपे दे जीझसच्या शेजारी. म्हणजे कोणत्याही टोकाकडून मोजा, मधल्या दोघांतले एक. वसईची माणसे तिथे पोचली की त्यांना फुले वाहायची असतात. पट उंचावर आहे, फुले खालच्या कट्ट्यावर ठेवा, हार चढवायचा प्रयत्न नको. मेणबत्ती विचारूनच. मग मागच्या बाजूला जा, तिथली भिंत इमाईंनी क्योतो-नागासाकीच्या रस्त्याला वाहिलेली आहे. बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत.

शेजारचे संग्रहालय येशूसंघीय चालवतात. प्रवेशशुल्क थोडे. फ्रान्सिस झेवियर यांचे १५४६ चे पत्र, धर्मबंदीच्या काळात लपून श्रद्धा जपणाऱ्यांनी ठेवलेली 'हिमाची मरिया' ही चित्रपट्टी, पॉल मिकी आणि त्यांच्या दोन येशूसंघीय सोबत्यांचे अवशेष, असे पुष्कळ आहे. चालून थकल्यावर ते डोक्यात शिरत नाही. संग्रहालय दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. त्या संध्याकाळी फक्त मिस्सा. दोन उंच, नक्षीदार मनोऱ्यांचे संत फिलिप चर्च रस्त्यापलीकडेच आहे. ते मिळाले नाही तर स्थानकाजवळचे नाकामाची चर्च.

नागासाकीतले उरलेले दिवस

ओउरा चर्च चुकवू नका. १८६४ मध्ये बांधून झाले, सव्वीस संतांनाच अर्पण केलेले आणि निशिझाकाकडे तोंड करून उभे. १७ मार्च १८६५ ला उराकामीचे काही गावकरी इथले फ्रेंच फादर पेटिजाँ यांच्याजवळ येऊन 'आमचेही मन तुमच्यासारखेच' असे हळूच सांगून गेले. अडीचशे वर्षे फादरांशिवाय जपलेली श्रद्धा तेव्हा उजेडात आली. आता ही राष्ट्रीय ठेव आहे, तिकीट लागते, आत फोटो बंद. मिस्सा शेजारच्या वेगळ्या चर्चमध्ये होते.

लपलेल्या ख्रिस्ती लोकांची बारा स्थळे २०१८ मध्ये जागतिक वारशात आली. त्यांतली सोतोमे किंवा गोतो बेटांवरची चर्चेस पाहायची असतील तर आधी कळवावे लागते. अनेक ठिकाणी बूट काढून आत जायचे असते, तेव्हा नाडीचे घालून गेलात तर दारात रांग तुंबेल.

खाण्याची तक्रार नागासाकीत राहत नाही. चाम्पोन नावाच्या वाडगाभर नूडल्समध्ये मासळी असते, डुक्कर असते, भाज्या असतात, आणि पोर्तुगीजांनी शिकवलेला कासुतेरा केक घरी न्यायला टिकतो. शुद्ध शाकाहाऱ्यांचे मात्र हाल. साध्या रश्शातही मासळीचे पाणी असते. त्यांनी थेपले-भडंग सोबत ठेवावे.

परतीला नागासाकीहून हाकाता, आणि हाकाताहून भुयारी रेल्वेने दोन स्थानकांवर फुकुओका विमानतळ. कोणी मनिलाचा थांबा घेऊन गोन्सालो जिथे संघात आले ती जागा पाहू म्हणतील. इंत्रामुरोसमधले फ्रान्सिस्कनांचे चर्च १९४५ च्या लढाईत नष्ट झाले, त्या जागेवर मापुआ विद्यापीठ आहे. वेगळे तिकीट, आणि बघायला कॉलेजचे फाटक. ते पैसे कारात्सूच्या जादा दिवसाला लावा.